कालविभेदनाचा आकडा आणि घाटातला तास : पेट तपासणीतील सिंटिलेटर-संशोधनाची चिकित्सा

१. प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला तो २००२ साली. त्याच वर्षी मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिली पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रण तपासणी, म्हणजेच पेट तपासणी, सुरू झाली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही मावळात राहून या विषयाचा विचार करणाऱ्यास त्या दोहोंकडे एकत्र पाहावे लागते. पेट तपासणीत सर्वाधिक वापरले जाणारे किरणोत्सारी औषध म्हणजे फ्लुओरिन-१८ जोडलेली शर्करा, अर्थात एफडीजी. फ्लुओरिन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. ज्या केंद्राकडे स्वतःचे सायक्लोट्रॉन नसते त्याला हे औषध दुसरीकडून मागवावे लागते, आणि वाटेतला प्रत्येक तास त्यातून वजा होतो. मुंबईत तयार झालेली कुपी पुण्याकडे न्यावयाची झाली, तर तिला लोणावळ्याचा घाट चढावा लागतो.

पेट यंत्राच्या संशोधनात गेली वीस वर्षे ज्या काळाची चर्चा चालू आहे तो काळ मात्र तासांचा वा मिनिटांचा नाही; तो पिकोसेकंदांचा आहे. एका सेकंदाच्या एक लक्षकोटीव्या भागास पिकोसेकंद म्हणतात. सिंटिलेटर शोधकाची कालविभेदनक्षमता अमुक इतक्या पिकोसेकंदांपर्यंत आली, हा या क्षेत्रातील प्रगतीचा सर्वमान्य निकष झाला आहे. या आकड्याचे महत्त्व नाकारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. परंतु तो एकटा वाचला जातो तेव्हा त्यातून काय निसटते, आणि आपल्यासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने तो कसा वाचला पाहिजे, याची चिकित्सा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. कालविभेदन म्हणजे नेमके काय

रुग्णाच्या शरीरातील किरणोत्सारी अणूपासून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी त्याचा संयोग होऊन दोन्ही नष्ट होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील समोरासमोरच्या दोन स्फटिकांत ते शोषले जातात. स्फटिकात क्षणिक चमक निर्माण होते, प्रकाशसंवेदक ती टिपतो, आणि दोन्ही नोंदी एकाच वेळी झाल्या असल्यास त्या एका घटनेच्या मानल्या जातात. यावरून एवढेच कळते की घटना त्या दोन स्फटिकांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी घडली.

दोन किरणांच्या आगमनातील फरक अचूक मोजता आला, तर घटना त्या रेषेवर कोठे घडली याचाही अंदाज येतो. यासच उड्डाणकाल पद्धती म्हणतात. कालमापनातील अनिश्चिततेस प्रकाशाच्या वेगाने गुणून निम्मे केले की स्थानाची अनिश्चितता मिळते. ६०० पिकोसेकंदांना ९ सेंटिमीटर, २१४ पिकोसेकंदांना ३.२ सेंटिमीटर, १०० पिकोसेकंदांना १.५ सेंटिमीटर आणि १० पिकोसेकंदांना १.५ मिलिमीटर, असे हे प्रमाण पडते. या माहितीचा लाभ प्रतिमेतील गोंगाट कमी होण्यात दिसतो. स्थूल नियम असा की, रुग्णाच्या देहाच्या व्यासास स्थानाच्या अनिश्चिततेने भागले असता जी संख्या येते, तितक्या पट अधिक नोंदी मिळाल्यासारखा परिणाम होतो. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर त्या संख्येच्या वर्गमुळाइतके सुधारते.

हे कालविभेदन मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : चमक किती लवकर उगवते, ती किती लवकर मावळते आणि तिच्यातून किती प्रकाशकण हाती लागतात. उदयकाल व क्षयकाल यांच्या गुणाकारास प्रकाशकणांच्या संख्येने भागावे आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. कालविभेदन साधारणपणे त्या प्रमाणात असते. बिस्मथ जर्मानेट, म्हणजे बीजीओ, या स्फटिकाचा क्षयकाल सुमारे ३०० नॅनोसेकंद आहे, तर ल्युटेशियम ऑर्थोसिलिकेटचा, म्हणजे एलएसओचा, सुमारे ४० नॅनोसेकंद. शिवाय दुसऱ्याचा प्रकाश पहिल्याच्या तिपटीहून अधिक आहे. इतर गोष्टी समान धरल्या तर एवढ्यानेच कालविभेदनात सुमारे पाच पटींचा फरक पडतो.

३. इतिहासाने दिलेला धडा

उड्डाणकाल पद्धती नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात आणि फ्रान्समधील ग्रनोबल येथे अशी यंत्रे तयार झाली होती. त्यांत सीझियम फ्लुओराइड व बेरियम फ्लुओराइड हे स्फटिक वापरले गेले. त्यांची चमक अतिशय जलद. बेरियम फ्लुओराइडच्या शीघ्र घटकाचा क्षयकाल तर एक नॅनोसेकंदाहूनही कमी. परंतु त्यांची गॅमा किरण अडविण्याची शक्ती बीजीओच्या तुलनेत कमी पडली. बेरियम फ्लुओराइडची घनता प्रति घनसेंटिमीटर ४.९ ग्रॅम, तर बीजीओची ७.१. वेळ अचूक मोजली गेली, पण मोजण्याजोग्या घटनाच कमी झाल्या. दशक संपेपर्यंत या पद्धतीचा जोर ओसरला आणि मंद परंतु घन अशा बीजीओने पेट यंत्रे व्यापली.

१९९० च्या सुमारास चार्ल्स मेल्चर यांनी एलएसओ पुढे आणले. जलदपणा आणि घनता हे दोन्ही गुण एकाच स्फटिकात आल्यामुळे उड्डाणकाल पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले. २००६ मध्ये सुमारे ६०० पिकोसेकंद कालविभेदन असलेले यंत्र बाजारात आले. पुढे फोटोमल्टिप्लायर नळीची जागा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरने घेतली आणि २०१८ पर्यंत रुग्णालयीन यंत्राचे कालविभेदन २१४ पिकोसेकंदांपर्यंत आले. या इतिहासाचे तात्पर्य स्पष्ट आहे. उड्डाणकाल पद्धती पहिल्या वेळी मागे पडली ती कालविभेदन वाईट होते म्हणून नव्हे. कालविभेदनासाठी जे गमवावे लागले ते अधिक मोलाचे होते म्हणून. आज हा धडा पुन्हा आठवण्याची वेळ आली आहे.

४. दहा पिकोसेकंदांचे आव्हान

पॉल लकॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १० पिकोसेकंदांचे ध्येय जागतिक संशोधकांपुढे ठेवले. त्याची सविस्तर मांडणी करणारा लेख २०२० मध्ये ‘फिजिक्स इन मेडिसिन अँड बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या मांडणीचे सामर्थ्य मान्य केले पाहिजे. १० पिकोसेकंदांशी निगडित १.५ मिलिमीटर हे अंतर पेट तपासणीच्या नैसर्गिक मर्यादांच्या जवळ जाते. फ्लुओरिन-१८ चा पॉझिट्रॉन ऊतकात सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक प्रवास करतो, आणि दोन किरण अगदी सरळ रेषेत नसल्यामुळे ८० सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात सुमारे १.८ मिलिमीटरची संदिग्धता येतेच. त्यामुळे हे ध्येय मनमानी नाही. गणिती पुनर्रचनेची पायरी गाळून प्रत्येक घटना थेट प्रतिमेत मांडता येईल, हे त्यातील आकर्षणही खरे आहे. २०२१ मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये ३२ पिकोसेकंद कालविभेदनाच्या साहाय्याने पुनर्रचनेविना प्रतिमा मिळविल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा ही शक्यता कल्पनेपुरती उरली नाही. त्या प्रयोगात सिंटिलेटरच्या चमकेऐवजी चेरेंकोव्ह प्रकाश वापरला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

मात्र ध्येय मांडणे वेगळे आणि त्याचा आकडा हाच गुणवत्तेचा एकमेव पुरावा मानणे वेगळे. मूळ लेखक संवेदनशीलतेचे महत्त्व नाकारीत नाहीत. आक्षेप आहे तो त्यांच्या आकड्यांच्या पुढील प्रवासावर. परिसंवादांतील निबंध, परीक्षणलेख आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके यांतून हा आकडा फिरतो तेव्हा त्याच्यासोबतच्या अटी गळून पडतात. ‘५८ पिकोसेकंद साध्य’ असे वाक्य आपण वाचतो आणि ते रुग्णालयातील २१४ शी ताडून पाहतो. ही तुलना मुळातच सदोष आहे.

५. स्फटिकाची लांबी : गळून पडणारी अट

५८ पिकोसेकंदांचे मापन ज्या एलएसओ स्फटिकावर झाले तो केवळ ३ मिलिमीटर लांबीचा होता. त्याच संशोधकांनी २० मिलिमीटर लांबीच्या स्फटिकावर ९८ पिकोसेकंद मिळविले आणि दोन्ही आकडे प्रामाणिकपणे शेजारी-शेजारी दिले. आता या दोहोंची किंमत मोजून पाहू. ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांची तीव्रता एलएसओमध्ये सुमारे १२ मिलिमीटर अंतरात ३७ टक्क्यांवर येते. म्हणजे २० मिलिमीटरचा स्फटिक सुमारे ८१ टक्के किरणांना अडवितो, तर ३ मिलिमीटरचा सुमारे २२ टक्के. पेट तपासणीत दोन्ही किरण अडले तरच नोंद होते; म्हणून या संख्यांचा वर्ग घ्यावा लागतो. पहिल्या बाबतीत सुमारे ६६ टक्के, दुसऱ्या बाबतीत जेमतेम ५ टक्के. नोंदी तेरा पटींनी घटतात. कालविभेदन ९८ वरून ५८ वर आल्याचा लाभ मात्र १.७ पटींचाच. ज्याला विक्रम म्हणावयाचे तो शोधक रुग्णाभोवती बसविला, तर प्रतिमा सुधारण्याऐवजी बिघडेल.

याची दुसरी बाजूही तितकीच मूलभूत आहे. लांब स्फटिकात किरण कोणत्या खोलीवर शोषला गेला, हे ठाऊक नसते. एलएसओचा अपवर्तनांक १.८२ धरला, तर किरण तोंडाशीच शोषला गेल्यास प्रकाशाला २० मिलिमीटर पार करण्यास सुमारे १२१ पिकोसेकंद लागतात. तो संवेदकाजवळ शोषला गेल्यास गॅमा किरण तेच अंतर ६७ पिकोसेकंदांत कापतो. केवळ खोलीच्या अज्ञानामुळे सुमारे ५४ पिकोसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो, आणि स्फटिकाच्या भिंतींवर आपटत जाणाऱ्या प्रकाशाचा विलंब याहून वेगळा. अर्थात चमक कितीही जलद केली तरी, खोली मोजण्याची तजवीज केल्याशिवाय, पूर्ण लांबीच्या स्फटिकात १० पिकोसेकंद हाती येणार नाहीत. पदार्थविज्ञान, प्रकाशिकी आणि इलेक्ट्रॉनिकी यांपैकी एकाच अंगाला श्रेय देणारे लेखन म्हणूनच अपुरे ठरते.

यावर उपाय साधा आहे. कालविभेदनाचा आकडा देताना स्फटिकाची लांबी व दोन्ही किरण टिपण्याची कार्यक्षमता सोबत द्यावी, आणि तुलना करताना त्या कार्यक्षमतेस कालविभेदनाने भागून येणारी संख्या वापरावी. या कसोटीवर ९८ पिकोसेकंदांचा लांब स्फटिक ५८ पिकोसेकंदांच्या आखूड स्फटिकाहून सुमारे आठ पटींनी सरस ठरतो.

बाजारानेही वेगळ्या वाटा दाखविल्या आहेत. २०१८ मध्ये ज्या संपूर्ण-शरीर यंत्रातून माणसाच्या पहिल्या प्रतिमा मिळाल्या, त्या ‘एक्सप्लोरर’ची लांबी १९४ सेंटिमीटर आहे, त्याचे कालविभेदन सुमारे ५०० पिकोसेकंदच. तरीही त्याच्या प्रतिमांनी या क्षेत्राला नवी दिशा दिली, कारण नोंदींची संख्याच प्रचंड वाढली. २०२२ मध्ये तर बीजीओ वापरणारे आणि उड्डाणकाल मुळीच न मोजणारे नवे यंत्र एका मोठ्या उत्पादकाने बाजारात आणले. कालविभेदन हे एक साधन आहे, साध्य नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

६. रुग्णाचा देह आणि घाटातला तास

उड्डाणकालाचा लाभ देहाच्या व्यासाच्या प्रमाणात असतो, हे वर आले आहे. ६०० पिकोसेकंदांच्या यंत्रात ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्थूल रुग्णास जुन्या पद्धतीच्या मानाने ४.४ पट लाभ होतो. २५ सेंटिमीटर व्यासाच्या कृश रुग्णास २.८ पट. पवन मावळ वा नाणे मावळातून येणारा, आजाराने खंगलेला शेतकरी दुसऱ्या गटात मोडण्याचा संभव अधिक. स्थूल देहाच्या प्रतिमा दाखवून सांगितलेला लाभ त्याच्या वाट्यास तितकाच येईल, असे गृहीत धरता येत नाही. कृश देहात किरणांचे शोषणही कमी होते, त्यामुळे त्याची प्रतिमा मुळातच बरी येते, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे.

आता प्रस्तावनेतील कुपीकडे वळू. मुंबईहून निघालेली कुपी दोन तासांत पोहोचली तर तिच्यात मूळच्या ४७ टक्के किरणोत्सारिता उरते; तीन तास लागले तर ३२ टक्के. शनिवार-रविवारच्या गर्दीत किंवा पावसाळ्यात दरड आल्यावर बोरघाटात एक तास जाणे मावळातील कोणासही नवलाचे वाटणार नाही. हा एक तास उरलेल्या औषधाचे ६८.५ टक्के करतो. तितक्याच नोंदी मिळवावयाच्या तर तपासणीचा वेळ १.४६ पट वाढवावा लागेल, किंवा कालविभेदन तितक्याच पटीने सुधारावे लागेल. २१४ ला १.४६ ने गुणले असता सुमारे ३१२ येतात. म्हणजेच कालविभेदन ३१२ पिकोसेकंदांवरून २१४ वर आणण्यासाठी स्फटिकशास्त्रज्ञ आणि इलेक्ट्रॉनिकीचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे खपले, ती सारी कमाई घाटातला एक तास खाऊन टाकतो.

हे गणित ढोबळ आहे. किरणोत्सारिता घटली की आकस्मिक नोंदीही घटतात, त्यामुळे प्रत्यक्ष हानी काहीशी कमी असते. पाठविणारे केंद्रही वाटेतील क्षय लक्षात घेऊन कुपी अधिक भरते. पण त्या दिवशी यादीतील शेवटच्या रुग्णाचे काय होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उपाशीपोटी बसलेल्या त्या रुग्णाला कमी मात्रेवर तपासावयाचे की परत पाठवावयाचे, हा निर्णय तंत्रज्ञाला घ्यावा लागतो.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. चांगले कालविभेदन असलेले यंत्र कमी मात्रेतही उपयुक्त प्रतिमा देते. म्हणून सायक्लोट्रॉनपासून दूर असलेल्या केंद्राला त्याची गरज सायक्लोट्रॉनशेजारच्या केंद्राहून अधिक आहे. मात्र हा लाभ संवेदनशीलता गमावून आणि परवडणार नाही अशा किमतीत आलेला नसावा. एलएसओसाठी ल्युटेशियम हे महागडे मूलद्रव्य आणि दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमान सोसणारी इरिडियमची मूस लागते. अशा स्थितीत कोणता आकडा सुधारावयाचा, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो प्राधान्याचा होतो.

७. महाराष्ट्रातील संशोधन आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळा

या प्राधान्याचा विचार करण्याची साधने आपल्याकडे आहेत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात एकस्फटिक वाढविण्याची दीर्घ परंपरा आहे. तेथे सीरियमयुक्त गॅडोलिनियम-गॅलियम-ॲल्युमिनियम गार्नेटचे स्फटिक वाढविले गेले आणि सिलिकॉन संवेदकांशी जोडून त्यांचे शोधकही तयार झाले. या गार्नेटचा प्रकाश विपुल असतो, पण क्षयकाल एलएसओहून मंद आणि घनता कमी. केवळ कालविभेदनाच्या निकषावर त्याला मागे टाकणे सोपे आहे. ल्युटेशियममधील नैसर्गिक किरणोत्सारितेची त्यात नसलेली अडचण आणि स्थानिक उपलब्धता जमेस धरली, तर हिशेब बदलतो. बीजीओबाबतही असेच म्हणता येईल. त्यातील चेरेंकोव्ह प्रकाश तत्क्षणी निर्माण होतो. तो टिपून या जुन्या, घन व तुलनेने स्वस्त स्फटिकाकडून चांगले कालविभेदन मिळविता येते, हे गेल्या दशकातील प्रयोगांनी दाखविले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटी येथील ग्रेप्स-३ प्रयोगासाठी प्लॅस्टिक सिंटिलेटर स्वतः घडविले. पोलंडमधील यागिएलोनियन विद्यापीठात प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्यांपासून पेट यंत्र उभे राहिले आहे. ही दोन उदाहरणे एकत्र वाचण्याजोगी आहेत.

महाविद्यालयांचे काय? पदव्युत्तर प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडचा गॅमा वर्णपटमापक बहुधा असतोच. सोडियम-२२ हा दुर्बल पॉझिट्रॉन-स्रोत, दोन प्लॅस्टिक सिंटिलेटर आणि एक काल-अंक रूपांतरक एवढ्या सामग्रीवर उड्डाणकालाचे तत्त्व विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दाखविता येते. स्रोत एका शोधकाकडे १५ सेंटिमीटर सरकविला की दोन आगमनकालांतील फरक एक नॅनोसेकंदाने बदलतो. हा बदल स्वतः मोजणाऱ्या विद्यार्थ्यास पिकोसेकंदांच्या दाव्यामागील श्रम कळतात, आणि शोधक मोठा केला की विभेदन का बिघडते, हेही कळते. आपल्याकडील प्रकल्पलेखनात आयात आकडे उद्धृत करण्यावर जो भर दिसतो, त्यापेक्षा असे एक मापन अधिक बोलके ठरेल. संगणकीय प्रतिरूपणावर आधारलेल्या निबंधांनाही हेच लागू आहे. स्फटिकातील प्रकाशाचा प्रवास न धरता काढलेले कालविभेदन कागदावर देखणे दिसते, पण ते कोणत्याही शोधकाचे नसते.

८. निष्कर्ष

कालविभेदनक्षमता हा पेट तपासणीच्या प्रगतीचा खरा मापदंड आहे, पण तो एकमेव नाही. १९८० च्या दशकातील अपयशाने हे एकदा दाखविले. आखूड स्फटिकांवरील विक्रम ते पुन्हा दाखवीत आहेत. म्हणून असा आकडा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : स्फटिक किती लांब होता, दोन्ही किरण टिपण्याचे प्रमाण किती होते, आणि मिळालेला लाभ कोणत्या देहाच्या रुग्णासाठी मोजला आहे. आपल्या प्रदेशापुरता चौथा प्रश्नही विचारावा लागेल : औषध कोठून आणि किती वेळाने आले? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतील. चौथ्याचे उत्तर रस्त्यावर आहे, आणि ते हिशेबात धरल्याखेरीज यंत्राची निवड करणे म्हणजे घाट नसलेल्या प्रदेशासाठी केलेला विचार मावळात जसाच्या तसा लागू करणे होय.